नानांचं इन्सुलिन आणि बीटीची बॅग

माझे मोठे चुलते, नाना, माळकरी आहेत. आषाढीला पंढरपूर चुकवत नाहीत, चातुर्मासात घरात कांदा-लसूण येत नाही. गेल्या उन्हाळ्यात त्यांची साखर गोळ्यांना दाद देईना, म्हणून डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. नानांनी चिठ्ठीची घडी घालून ती खिशात ठेवली आणि औषध काही आणलं नाही. आठ दिवसांनी मी गावी गेलो तेव्हा काकूंनी माझ्याकडे गाऱ्हाणं मांडलं. नानांना विचारलं, तर ते म्हणाले, "आरं, ते इंजेक्शन डुकराचं असतंय म्हनं. माळ घालून ते अंगात कसं घ्यावं?"

मी जालन्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. हा प्रश्न वर्गात आजवर एकाही पोरानं विचारला नव्हता. आणि गंमत म्हणजे पुस्तकातला जैवतंत्रज्ञानाचा अख्खा धडा याच प्रश्नाचं उत्तर आहे.

नानांनी ऐकलेलं खोटं नव्हतं, फक्त जुनं होतं. 1921 साली कॅनडातल्या टोरांटोमध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन वेगळं काढलं, आणि 1922 च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचलं. त्याआधी मधुमेह झालेली मुलं उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायची, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. पुढची साठ वर्षं जगभरातलं इन्सुलिन कत्तलखान्यातून आलेल्या गायी-डुकरांच्या ग्रंथींमधूनच निघायचं. इन्सुलिन म्हणजे 51 मण्यांची माळ आहे असं समजा. डुकराच्या माळेत माणसापेक्षा एक मणी वेगळा असतो, गायीच्या माळेत तीन. एवढ्या फरकावर काम भागायचं, पण काही जणांच्या अंगाला ते मानवायचं नाही. शिवाय रोगी वाढत चालले होते, आणि ग्रंथी काही त्या हिशोबानं वाढत नव्हत्या.

मग नानांना विचारलं, "शेतात काय लावलंय?"

"पऱ्हाटी. दुसरं काय लावतो?"

"कोणती?"

"बीटी."

इथून पुढे समजावणं सोपं झालं. बीटी म्हणजे काय, हे आपल्याकडे बियाण्याच्या बॅगेवरच्या दोन अक्षरांपलीकडे फारसं कुणी विचारत नाही. मातीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा एक जीवाणू असतो. तो एक प्रथिन बनवतो, ते पोटात गेलं की बोंडअळीची आतडी फाटतात. हे प्रथिन कसं बनवायचं याची कृती त्या जीवाणूच्या डीएनएमध्ये लिहिलेली आहे. डीएनएची लिपी सगळ्या सजीवांत एकच: चार अक्षरं, जीवाणूत तीच, कपाशीत तीच, नानांच्यातही तीच. म्हणून त्या जीवाणूतली तेवढीच ओळ उचलून कपाशीत बसवली, तर कपाशीलाही ती वाचता येते आणि पान स्वतःच ते प्रथिन तयार करतं. जालन्याच्या महिको कंपनीनं अमेरिकेतल्या मोन्सॅन्टो कंपनीच्या या तंत्रावर केलेल्या वाणांना 2002 साली परवानगी मिळाली. त्यानंतर काही वर्षांतच मराठवाड्यात बीटी नसलेली सरकी शोधावी लागायला लागली.

इन्सुलिनच्या बाबतीत हेच झालं, फक्त उलट्या दिशेनं आणि कितीतरी आधी. तिथे जीवाणूची ओळ झाडात गेली, इथे माणसाची ओळ जीवाणूत गेली. 1973 मध्ये अमेरिकेत कोहेन आणि बॉयर यांनी डीएनए कापून दुसऱ्याच्या डीएनएला जोडण्याची रीत बसवली. कात्री म्हणून वापरलेली विकरं, म्हणजे एन्झाइम, जीवाणूंकडूनच घेतलेली. जीवाणू त्यांच्यावर हल्ला करणाऱ्या विषाणूंचा डीएनए कापायला ही कात्री वापरतात. 1978 मध्ये जेनेन्टेक कंपनीनं आणि कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप या संस्थेनं माणसाच्या इन्सुलिनची कृती ई. कोलाय जीवाणूत घातली, आणि 1982 मध्ये ते औषध म्हणून विकायला परवानगी मिळाली.

नानांनी मध्येच अडवलं. "म्हंजे कुना मानसाच्या अंगातून काढलं का ते?"

नाही. ही ओळ कुणाच्या शरीरातून काढलेली नव्हती. इन्सुलिनच्या माळेत कोणता मणी कुठे हे तोवर कळलं होतं, त्यामुळे त्यासाठी कोणती अक्षरं लागतील हे उलटं काढता आलं. शास्त्रज्ञांनी ती अक्षरं प्रयोगशाळेत रसायनं जोडून एकेक करून लिहिली. मला स्वतःला या सगळ्या गोष्टीतला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. एखाद्याला न भेटता, नुसत्या वर्णनावरून त्याचा हुबेहूब पत्ता लिहावा, आणि पत्र बरोबर पोहोचावं, तसं.

पुढचं काम काकूंना माझ्यापेक्षा चांगलं कळतं, कारण ते विरजणाचं आहे. चमचाभर विरजणात जे जीवाणू असतात तेच रात्रीत पातेलंभर दूध लावतात. ई. कोलायला खायला-प्यायला नीट मिळालं तर तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. म्हणजे दहा तासांत तीस वेळा दुप्पट, एकाचे 107 कोटींच्या वर. कारखान्यात स्टीलच्या मोठमोठ्या टाक्या असतात, त्यांना फर्मेंटर म्हणतात. त्यात साखर, क्षार, हवा आणि हे विरजण. प्रत्येक जीवाणूच्या पोटात आपली चिठ्ठी, म्हणजे ती डीएनएची ओळ, असते, आणि तो ती वाचून इन्सुलिनचा कच्चा माल बनवत राहतो. काही कंपन्या ई. कोलायऐवजी यीस्ट वापरतात.

दही लागलं म्हणजे तूप झालं असं होत नाही. तसंच इथेही खरी मेहनत नंतर आहे. जीवाणू फोडायचे, त्यातून हवं ते प्रथिन वेगळं काढायचं, मण्यांची माळ नीट वळवून घ्यायची, आणि मग पुन्हा पुन्हा शुद्ध करायचं. जीवाणूच्या कवचाचा कणभर अंश जरी राहिला तरी टोचल्यावर माणसाला ताप भरतो. अशा औषधांच्या किमतीत या धुण्या-गाळण्याचा वाटा मोठा असतो. वर्तमानपत्रातली बातमी बहुतेक वेळा "शास्त्रज्ञांनी जनुक बसवलं" इथेच संपते, म्हणून हे लोकांना कळत नाही.

हे काम लांब कुठे परदेशातच चालतं असंही नाही. वोक्हार्टनं 2003 मध्ये वोसुलिन नावानं असं इन्सुलिन बाजारात आणलं, आणि त्या कंपनीचं बायोटेक पार्क छत्रपती संभाजीनगरात आहे, आमच्या जालन्यापासून एसटीनं दीड-दोन तासांवर. नानांना हे सांगितल्यावर ते जरा सरसावून बसले. डुकरापेक्षा एमआयडीसी त्यांना ओळखीची वाटली असावी.

निसर्गातलं जसंच्या तसं बनवता यायला लागल्यावर, त्यात थोडा फेरफार करून पाहू, हे ओघानंच आलं. साधं इन्सुलिन टोचलं की काही तासांत ओसरतं. शरीराला मात्र ते दिवसभर थोडं थोडं लागतं. ग्लार्जिन नावाच्या इन्सुलिनमध्ये माळेतला एक मणी बदलला आणि शेवटी दोन जास्तीचे जोडले. त्यामुळे ते कुपीत विरघळलेलं राहतं, पण कातडीखाली गेलं की साकळतं आणि तिथून चोवीस तासांच्या आसपास हळूहळू सुटत राहतं. नानांच्या मोसंबीला पूर्वी पाटानं पाणी जायचं, आता ठिबक आहे. फरक तोच.

मोसंबीवरून पुढची गोष्ट आठवली. जालन्याची मोसंबी म्हणजे जंबेरीच्या खुंटावर बांधलेला मोसंबीचा डोळा. खुंट दणकट, फळ गोड. 1975 मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिल्स्टाइन यांनी पेशींचं असंच कलम केलं. आपल्या शरीरात प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी असतात. एक पेशी एकाच प्रकारचं प्रतिपिंड बनवते, आणि ते एकाच शत्रूला नेमकं चिकटतं. अडचण अशी की शरीराबाहेर या पेशी जगत नाहीत. कर्करोगाच्या पेशीचं उलट, ती मरतच नाही. दोघांनी या दोन पेशी जोडल्या, आणि तयार झालेली पेशी न मरता एकाच प्रतिपिंडाचा अखंड पुरवठा करायला लागली. त्यासाठी 1984 चं नोबेल मिळालं.

औषधाच्या नावाच्या शेवटी "मॅब" दिसलं तर ते या घराण्यातलं, एवढं लक्षात ठेवा. रिटुक्सिमॅब काही रक्ताच्या कर्करोगांवर, ट्रास्टुझुमॅब स्तनाच्या कर्करोगावर. पण ट्रास्टुझुमॅब प्रत्येक बाईला देऊन उपयोग नाही. ज्यांच्या गाठीच्या पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन खूप जास्त असतं, अशा साधारण पंधरा ते वीस टक्के रुग्णांनाच ते लागू पडतं, कारण ते चिकटतं त्या प्रथिनालाच. म्हणून डॉक्टर आधी गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात. नातेवाइकांना वाटतं उगाच वेळ काढतायत. तसं नसतं, कुलूप कोणतं ते बघितल्याशिवाय किल्ली देता येत नाही. केमोथेरपी म्हणजे तणनाशकाचा फवारा, जे जे भराभर वाढतं त्याला तो जाळतो, केसांसकट. मॅब म्हणजे खुरपणी. खुरपणीतही चार रोपं उपटली जातात बरं का. याही औषधांचे दुष्परिणाम आहेत, ट्रास्टुझुमॅब देताना हृदयावर लक्ष ठेवावं लागतं.

ही औषधं महाग का, आणि त्यांची जेनेरिक गोळीसारखी चटकन नक्कल का होत नाही? पॅरासिटामॉलच्या एका रेणूत 20 अणू असतात. इन्सुलिनमध्ये 788. एका प्रतिपिंडात वीस हजारांच्या आसपास. गोळी ही रसायनाची कृती आहे, कुणीही नीट केली तर तीच निघते. प्रतिपिंड मात्र जिवंत पेशी बनवते, आणि पेशी बदलली, टाकीचं तापमान थोडं बदललं की माल थोडा बदलतो. तेच पीठ, तोच तवा, पण काकूंची भाकरी फुगते आणि माझी फुगत नाही. म्हणून अशा नकलेला जेनेरिक न म्हणता बायोसिमिलर म्हणतात, आणि ती मूळ औषधासारखीच वागते हे रुग्णांवर चाचण्या घेऊन दाखवावं लागतं. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीनं 2007 मध्ये रिटुक्सिमॅबची अशी आवृत्ती काढली. त्याच्या दहा वर्षं आधी, 1997 मध्ये, हैदराबादच्याच शांता बायोटेक्निक्सनं हिपॅटायटिस बी ची लस यीस्टमध्ये बनवून कितीतरी पटींनी स्वस्त केली होती. त्या लशीत विषाणू नसतोच, त्याच्या अंगावरचं एक प्रथिन तेवढं असतं. चोराचा नुसता सदरा हुंगवून कुत्र्याला वास ओळखायला लावावं तसं. आमचे आजोबा-पणजोबा निजामाच्या काळात कामकाजासाठी हैदराबादेला जायचे, आता मराठवाड्यातल्या लेकरांच्या दंडात हैदराबादची लस जाते.

आता सापाकडे येतो. आपल्याकडे जैवतंत्रज्ञानाची सगळ्यात जास्त गरज कुठे असेल, तर माझ्या मते इथे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यात खेड्यातली, शेतात राबणारी माणसं सगळ्यात जास्त. रात्री पाण्याची पाळी असते, लाइट रात्रीचीच येते, आणि बांधावर घोणस असते.

सर्पदंशावरची लस, जी खरं तर लस नाही, प्रतिविष आहे, ती आजही मुळात एकोणिसाव्या शतकातल्या रीतीनंच बनते. तमिळनाडूतल्या इरुळा लोकांची सहकारी संस्था 1978 पासून साप पकडून विष काढते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचं विष थोडं थोडं करून घोड्यांना टोचतात. घोडा त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतो, घोड्याचं रक्त घेऊन ती वेगळी करतात. या औषधानं लाखो जीव वाचवले आहेत, त्याला नावं ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण त्यात घोड्यानं इतर शेकडो गोष्टींविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडंही येतात. म्हणून आठ-दहा कुप्या चढवाव्या लागतात, आणि परकं प्रथिन म्हणून काहींना जोरदार रिॲक्शन येते. ती दवाखान्यात सांभाळता येते, मांत्रिकाच्या ओट्यावर येत नाही. शिवाय तमिळनाडूतल्या सापाचं विष आणि इतर भागातल्या त्याच जातीच्या सापाचं विष तंतोतंत सारखं नसतं.

कलमाची गोष्ट आठवा. घोड्याऐवजी विषातल्या नेमक्या घटकाला चिकटणारं एकच प्रतिपिंड पेशींकडून बनवून घेतलं तर? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनं आणि अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेनं 2024 च्या फेब्रुवारीत असं एक प्रतिपिंड जाहीर केलं. नाग, मण्यार आणि आफ्रिकेतला मांबा यांच्या विषात मज्जासंस्था बधिर करणारा एक समान घटक असतो, त्याला ते अडवतं. हे उंदरांवर सिद्ध झालंय. घोणसीचं विष वेगळ्या जातीचं, ते रक्त गोठवण्याची यंत्रणा बिघडवतं, त्यावर हे चालत नाही. म्हणजे आज रात्री बांधावर कुणाला साप चावला तर त्याला घोड्याचंच प्रतिविष लागणार, आणि ते जितक्या लवकर मिळेल तितकं बरं.

विंचवाच्या बाबतीत आपल्याच जालना जिल्ह्यातला माणूस पुढे होता. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडला राहून लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी लागू पडते हे दाखवलं. 2011 मध्ये त्यांनी प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड देऊन पाहिली, तेव्हा रुग्ण साधारण निम्म्या वेळात बरे झाले. प्राझोसिन जैवतंत्रज्ञानातून आलेली नाही, प्रतिविष मात्र त्यातलंच. दोन्ही शेजारी ठेवून पाहणारा डॉक्टर लागतो, एवढंच मला त्यातून दिसतं.

नांदेडकडचे वाचक किनवट-माहूरच्या आदिवासी पाड्यांतला सिकलसेल ओळखतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कृतीत एका अक्षराची चूक. त्यानं तांबड्या पेशी गोल राहायच्या सोडून विळ्यासारख्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मग हाडं फोडल्यासारख्या कळा येतात. 2023 च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत यावर पहिला क्रिस्पर उपचार मंजूर झाला. क्रिस्पर ही आणखी नेमकी कात्री. गंमत अशी की हा उपचार चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर शरीर ते बंद करतं. हे बंद करणारं बटण तेवढं कापून टाकतात, म्हणजे जुनं, बिनचुकीचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होतं. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. किनवटच्या पोरीला आज हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलवरच्या साध्या औषधाची कॅप्सूल वेळेवर मिळणं हे त्याहून मोठं आहे, असं मी म्हणालो तर जैवतंत्रज्ञानाच्या प्राध्यापकांनी रागावू नये.

किमती खाली आणता येतात, त्याचा एक दाखला मुंबईत आहे. कार-टी उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूकडून त्यांत कर्करोग ओळखण्याची चिठ्ठी घालतात, वाढवतात आणि परत सोडतात. अमेरिकेत त्याला कोट्यवधी रुपये लागतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभा राहिलेला नेक्सकार-19 हा आपल्याकडचा पहिला कार-टी उपचार ऑक्टोबर 2023 मध्ये मंजूर झाला, आणि त्याचा खर्च परदेशाच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आला. तरीही तो काही लाखांत आहे, म्हणजे चार एकराच्या शेतकऱ्यासाठी जमीन विकण्याच्या हिशोबात.

कार-टीची एक अडचण नानांना मी सांगायच्या आधीच कळली. या पेशी कर्करोगाला त्याच्या अंगावरच्या सीडी-19 या एका खुणेवरून ओळखतात. काही रुग्णांत थोड्या पेशी ती खूण टाकून देतात आणि रोग परत येतो. नाना म्हणाले, "बोंडअळीवानी." बरोबर बोंडअळीसारखं. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीनं बीटीची बोंडं कशी पोखरली ते त्यांनी पाहिलंय. बॅगेसोबत बिगर-बीटी सरकीची 120 ग्रॅमची पुडी यायची, कडेनं लावायला, म्हणजे सगळ्या अळ्या एकदम बीटीच्या विषाला सरावणार नाहीत. ती पुडी किती जणांनी लावली? नानांनी तर नाहीच.

आम्ही दुकानातून कुपी आणली. खोक्यावर बारीक अक्षरांत "आर-डीएनए ओरिजिन" असं छापलेलं असतं, ते नानांना वाचून दाखवलं. म्हणजे जनावराचं नाही, चिठ्ठी वाचून बनवलेलं. नानांनी चष्मा लावून स्वतः एकदा पाहिलं. मग म्हणाले, "पन ते जीवाणू? ते तर मरतात ना?" मरतात, मी म्हणालो, कढीतले मरतात तसे. यावर काकू हसल्या आणि विषय मिटला.

कुपी ठेवायची कुठे, हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. न उघडलेल्या कुपीला 2 ते 8 अंश लागतात, उघडलेली चार आठवडे सावलीत, गारव्याला चालते. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर आणि लाइटचा पत्ता नाही. फ्रिज आहे, तो पेटीसारखा उभा असतो नुसता. काकूंनी मोठ्या माठात ओली वाळू भरली, त्यात छोटं मडकं बसवलं, मडक्यात कोरडा डबा आणि डब्यात कुपी. वर ओलं फडकं. उरलेल्या कुप्या मी जालन्याला माझ्या फ्रिजमध्ये ठेवतो आणि महिन्याला एक घेऊन जातो.

सुई पहिल्यांदा टोचली त्या संध्याकाळी नानांनी विचारलं, "एकादशीला चालतंय का हे?" याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं, म्हणून डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उपास धरून नेहमीचा डोस घेतला तर साखर एकदम खाली जाईल, एकादशीच्या आदल्या दिवशी येऊन विचारून जा. नानांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं आणि दोन्ही एकादश्यांच्या आदल्या तारखेला पेनानं गोल केला.